कॅन्सरचे उपचार संपल्यावर पुढची जबाबदारी कोणाची?

शेवटची केमो झाली, रेडिएशनही आटोपलं. डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी या." घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण ज्याला हा आजार झाला होता, त्याची धास्ती बरेचदा नेमकी याच वेळी वाढते. इतके दिवस ठरावीक अंतराने कोणीतरी रक्त तपासत होतं, वजन पाहत होतं, भूक लागते का, झोप येते का, असं विचारत होतं. ते एका दिवसात थांबलं. आता पायाची बोटं बधिर वाटतात, जिना चढताना दम लागतो, पाठ जरा दुखली की 'परत आला की काय' ही शंका पाठ सोडत नाही. हे सांगायचं कोणाला? कॅन्सरच्या डॉक्टरांच्या दाराशी नव्या रुग्णांची रांग असते. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलं तर ते म्हणतात, "हे तुम्ही तिकडेच विचारा."

ही दोन दारांमधली जागा कोणाच्याच ताब्यात नसते. ती कोणाच्या तरी ताब्यात द्यायची, हाच कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांसाठी सार्वजनिक आरोग्याने चालवलेल्या कामाचा गाभा आहे. औषधं, तपासण्या, समुपदेशन हे सगळं त्याच्या पोटात येतं. पण आधी विचारायचा प्रश्न एकच: उपचार संपल्यावर या माणसाची चौकशी करणं हे कोणाचं काम आहे?

एका माणसाची अडचण सार्वजनिक आरोग्याचा विषय कधी होते? तीच अडचण लाखोंना येते आणि ती सोडवणं एकट्या डॉक्टरच्या हातात राहत नाही, तेव्हा. कॅन्सरच्या बाबतीत ही वेळ कधीच येऊन गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात कॅन्सरचे सुमारे 2 कोटी नवे रुग्ण आढळले आणि 97 लाख मृत्यू झाले. याच अंदाजातला तिसरा आकडा बातम्यांमध्ये सहसा येत नाही. निदान होऊन पाच वर्षं उलटलेली नाहीत आणि जे हयात आहेत, अशा लोकांची संख्या होती 5 कोटी 35 लाख. पाच वर्षांपेक्षा जुने रुग्ण यात धरलेलेच नाहीत. अमेरिकेत 1971 साली कॅन्सर होऊन गेलेले किंवा कॅन्सरसह जगणारे सुमारे 30 लाख लोक होते. 2022 पर्यंत ते 1 कोटी 80 लाखांच्या घरात गेले. लोकसंख्या वाढली, लोक जास्त जगू लागले, निदान लवकर होऊ लागलं आणि उपचार सुधारले, या सगळ्याचा हा एकत्रित परिणाम.

मोजणी कुठून सुरू करायची, हेही सांगून टाकतो. आता या क्षेत्रात निदान झालेल्या दिवसापासूनच माणूस 'कॅन्सरमधून वाचलेल्यां'च्या गटात धरला जातो, पाच वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही. म्हणजे ज्यांचा आजार पसरलेला आहे आणि जे वर्षानुवर्षं गोळ्यांवर जगत आहेत, तेही यात आले. प्रत्यक्षात कार्यक्रम आखताना मात्र 'आजारावर मात केली' असं टाळ्यांच्या गजरात सांगू शकणारेच पुढे बसवले जातात. पसरलेला आजार घेऊन जगणाऱ्यांना त्या मांडवात कुठे बसावं कळत नाही. माझ्या मते या कार्यक्रमांतली ही मोठी उणीव आहे.

शरीरात मागे काय राहतं

कॅन्सरची औषधं आणि किरणं गाठीवर काम करतात, पण वाटेत जे येईल त्यालाही थोडंफार लागतंच. काही परिणाम लगेच दिसतात आणि जातात, जसं केस गळणं. काही जातच नाहीत. काही तर दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतात आणि खरी पंचाईत यांचीच असते, कारण तोपर्यंत त्यांचा कॅन्सरशी संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

डॉक्सोरुबिसिन हे औषध अनेक कॅन्सरांत वापरलं जातं. त्याचा आयुष्यभरातला एकूण डोस जसजसा वाढतो, तसतसा हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा धोका वाढतो. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येऊ शकतं, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टीन हातापायांच्या नसांना इजा करतात. मग शर्टाची बटणं लावणंही जड जातं. मानेवर किरणं दिली असतील तर पुढे थायरॉइड मंदावू शकतं. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. ही सूज सुरुवातीलाच हेरली तर आवरता येते, जुनी झाली की फार चिवट होते.

लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं आणखी ठळक होतं, कारण त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. अमेरिकेत मेम्फिस इथल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने लहानपणी कॅन्सर झालेल्या 1,713 प्रौढांना बोलावून त्यांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वयाच्या 45 पर्यंत यांच्यातल्या सुमारे 95 टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार झालेला असेल. बहिरेपण, हृदयाच्या झडपांचे दोष, फुप्फुसांची कमी झालेली क्षमता असे कितीतरी. यातले बरेच दोष तपासणीत पहिल्यांदाच उघडकीला आले. तोवर त्या माणसाला पत्ताही नव्हता.

आता अशी एक तरुणी डोळ्यांसमोर आणा, जिला लहानपणी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला होता आणि छातीवर किरणं दिली होती. तिला स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या तज्ज्ञगटांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की तिची नियमित तपासणी वयाच्या 25 व्या वर्षी किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हा सुरू करावी. पण हे होणार कसं? आपल्याला कोणती औषधं दिली, किरणं नेमकी कुठे आणि किती दिली, हे तिला माहीत नसतं. तेव्हा सगळं आईवडिलांनी हाताळलेलं असतं. फाइल घर बदलताना गेली, रुग्णालयाने जुनी कागदपत्रं निकालात काढली आणि नव्या गावच्या डॉक्टरांसमोर बसलेली ती एवढंच सांगू शकते, की लहानपणी काहीतरी मोठं आजारपण झालं होतं.

म्हणून या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी कागद दिसायला अगदी रूक्ष असतो: उपचारांचा सारांश. कोणता कॅन्सर, कोणत्या तारखांना कोणती औषधं, प्रत्येकाचा एकूण डोस किती, किरणं कोणत्या भागाला आणि किती, कोणत्या शस्त्रक्रिया. एक-दोन पानं. तुमच्या घरात कोणाचे उपचार नुकतेच संपले असतील तर हा कागद मागून घ्या आणि त्याची एक प्रत मोबाइलमध्येही ठेवा. मागायला संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.

हे कोणाच्या लक्षात आलं

फिट्झह्यू मलन हे सार्वजनिक आरोग्यात काम करणारे अमेरिकी डॉक्टर. तिशीच्या सुरुवातीलाच त्यांच्या छातीत कॅन्सरची गाठ सापडली. बरे झाल्यावर 1985 साली त्यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव मांडला. त्यांचं म्हणणं असं, की आजारी आणि बरा असे दोनच कप्पे करणं चुकीचं आहे. आधी निदान आणि उपचारांची धुमश्चक्री असते. मग उपचार थांबलेले पण भीती कायम, शरीर थकलेलं, असा लांबलचक मधला काळ. आणि त्यानंतर आजार परतण्याची शक्यता बरीच कमी झाली, तरी नोकरी, विमा, शरीरातले उशिराचे परिणाम यांच्याशी झगडण्याचा काळ. प्रत्येक टप्प्याच्या गरजा वेगळ्या. पुढच्याच वर्षी, 1986 साली, त्यांच्यासह काही जणांनी मिळून अमेरिकेत रुग्णांची एक राष्ट्रीय आघाडी उभी केली. 1996 साली तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या विषयासाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं साल म्हणजे 2004. साथीचे रोग, लसीकरण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी यंत्रणेने एका स्वयंसेवी प्रतिष्ठानाबरोबर कॅन्सरमधून वाचलेल्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा मांडला. सीडीसी रुग्णांवर उपचार करत नाही. ती मोजते, सर्वेक्षणं करते, प्रशिक्षण देते, धोरण सुचवते. अशा यंत्रणेने हा विषय हाती घेतला, याचा अर्थ हा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींच्या आत सुटणारा नाही, हे मान्य झालं. लगोलग 2005 च्या अखेरीस तिथल्या वैद्यक अकादमीचा मोठा अहवाल आला. उपचार संपले की रुग्ण व्यवस्थेच्या नजरेतून सुटतो, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि एक उपाय सुचवला: प्रत्येकाला उपचारांच्या सारांशासोबत पुढच्या काळजीचा लेखी आराखडा द्यावा.

उपाय इतका पटण्यासारखा होता, की तो भराभर पसरला. अमेरिकेत कॅन्सर रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या आयोगाने 2012 च्या निकषांमध्ये असा आराखडा देणं सक्तीचं केलं. परिचारिका रुग्णामागे तासभर बसून रकाने भरू लागल्या.

आणि मग चाचण्यांचे निकाल आले. कॅनडात स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या 408 स्त्रियांना फॅमिली डॉक्टरांकडे सोपवताना चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीप्रमाणे निरोप, दुसऱ्याला शिवाय लेखी आराखडा आणि तो समजावून सांगणारी परिचारिका. 2011 साली निकाल जाहीर झाला: वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या मानसिक त्रासात फरक नव्हता. इतर चाचण्यांमधूनही फारसं वेगळं निघालं नाही. पुढे 2020 च्या निकषांत आयोगाने आराखड्याची सक्ती काढून टाकली आणि रुग्णालयाने या लोकांसाठी प्रत्यक्ष सेवांचा कार्यक्रम चालवावा, यावर भर दिला.

मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. सारांशाचा कागद हवाच, वीस वर्षांनी तोच कामी येतो. पण तो हातात ठेवला म्हणजे काळजी घेतली, असं होत नाही. 'व्यायाम करा, वजन सांभाळा, ताण घेऊ नका' हे थकलेल्या माणसाला लिहून देणं सोपं आहे. करायचं कसं, हे शिकवायला आणि चार दिवस चुकले तर विचारायला कोणीतरी असावं लागतं.

ज्या प्रयोगांत पलीकडे माणूस होता

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात झालेली एक चाचणी पाहा. आजार पसरलेले आणि केमो चालू असलेले 766 रुग्ण. एका गटाला मळमळ, वेदना, धाप, थकवा अशा 12 नेहमीच्या तक्रारी संगणकावर स्वतः नोंदवायला सांगितलं. तक्रार गंभीर असली किंवा वाढली की परिचारिकेला ईमेल जायचा आणि ती पुढची हालचाल करायची, बहुधा फोनवरून सल्ला देऊन किंवा औषध बदलून. दुसऱ्या गटाची काळजी नेहमीप्रमाणे. 2017 साली जाहीर झालेल्या निकालात तक्रारी नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने भरलं, दुसऱ्या गटाचं 26 महिने. औषधं तीच होती. फरक एवढाच, की त्रास होतोय हे कोणाला तरी वेळेवर कळत होतं आणि त्या माणसाला त्यावर काही करण्याचा अधिकार होता.

दुसरं उदाहरण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं. शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेले 889 रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. एका गटाला आरोग्य आणि व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिका दिलीच, शिवाय तीन वर्षं एक प्रशिक्षक दिला. तो आधी वरचेवर आणि मग महिन्यातून एकदा भेटायचा, व्यायाम ठरवून द्यायचा, अडलं तर मार्ग काढायचा. व्यायामही फार अवघड नव्हता, बहुतेकांनी झपझप चालणंच पसंत केलं. 2025 साली जाहीर झालेल्या निकालांनुसार आठ वर्षांनी प्रशिक्षकाच्या गटातले 90.3 टक्के हयात होते, पुस्तिकेच्या गटातले 83.2 टक्के. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची जगभर जाहिरात झाली असती. प्रशिक्षकाचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी अजून ठरलेलं नाही.

मग हे पाहणारा माणूस कॅन्सरतज्ज्ञच असला पाहिजे का? नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात लवकरच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या 968 स्त्रियांपैकी निम्म्यांचा फॉलो-अप फॅमिली डॉक्टरांकडे दिला, निम्म्यांचा कॅन्सर केंद्राकडे. 2006 सालच्या निकालात आजार परतल्यामुळे होणाऱ्या गंभीर घटना आणि जीवनमान यांत फरक आढळला नाही. म्हणजे जवळचा डॉक्टर हे काम नीट करू शकतो. त्याला काय पाहायचं ते सांगितलेलं हवं आणि शंका आली तर तज्ज्ञाकडे परत जाण्याचा रस्ता खुला हवा.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. जितक्या जास्त तपासण्या तितकी चांगली काळजी, असं अनेकांना वाटतं. भीतीपोटी वाटणं स्वाभाविकही आहे. इटलीत 1,320 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत स्तनाच्या कॅन्सरनंतर एका गटाचे हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे, रक्ततपासण्या ठरावीक काळाने केल्या, दुसऱ्याला डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी एवढंच. 1994 साली कळलं, की आयुष्यमानात फरक पडला नाही आणि जीवनमानातही नाही. अर्थात हे स्तनाच्या कॅन्सरचं झालं. काही इतर कॅन्सरांत ठरावीक स्कॅन गरजेचे असतात आणि ते चुकवू नयेत. पण लक्षण नसताना मनाच्या समाधानासाठी केलेल्या तपासणीत काहीतरी संशयास्पद दिसतं, मग त्यावर आणखी तपासण्या आणि प्रत्येक रिपोर्टची वाट पाहताना उडालेली झोप, हे चक्र मागे लागतं.

इंग्लंडने यातून वेगळी वाट काढली. तिथे 2008 साली आरोग्य विभाग आणि कॅन्सरग्रस्तांना आधार देणाऱ्या मॅकमिलन या संस्थेने मिळून राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. पुढे स्तन, मोठं आतडं आणि प्रोस्टेट यांच्या कॅन्सरमध्ये फॉलो-अपची विभागणी होऊ लागली. धोका कमी आणि तब्येत ठीक असलेल्यांना ठरावीक भेटींसाठी हेलपाटे मारायला लावत नाहीत. कोणती लक्षणं दिसली तर कळवायचं हे शिकवतात, थेट फोन करता येईल असा नंबर देतात आणि आवश्यक तपासण्यांचं वेळापत्रक रुग्णालय स्वतः सांभाळतं. ज्यांचा आजार गुंतागुंतीचा आहे त्यांना त्यामुळे तज्ज्ञाचा जास्त वेळ मिळतो. ही पद्धत टिकते ती त्या फोनवर. फोन कोणी उचललाच नाही, तर ती फॉलो-अप बंद करण्याची सोयीस्कर युक्ती ठरेल.

तंबाखू सोडणं हा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्यात वाद नाही. निदानानंतर सोडला तरी फायदा होतो. 'आता सोडून काय उपयोग' हे म्हणणं चुकीचं आहे आणि सोडवायला मदत करणं हे उपचारांचाच भाग असायला हवं.

मोजलं नाही तर दिसत नाही

कॅन्सरची नोंदणी करणाऱ्या यंत्रणा दोन गोष्टी बऱ्यापैकी टिपतात: निदान आणि मृत्यू. मधलं आयुष्य त्यांच्या वहीत जवळपास कोरं असतं. आजार परतला का, हेही बहुतेक नोंदण्यांमध्ये नेमाने लिहिलं जात नाही. नोकरी गेली का, कर्ज काढावं लागलं का, नैराश्य आलं का, मूल होऊ शकलं का, हे तर दूरच. म्हणून काही देशांनी सर्वसाधारण आरोग्य सर्वेक्षणांतच 'तुम्हाला कधी कॅन्सर झाला होता का' हा प्रश्न आणि त्याला जोडून पुढचे प्रश्न घातले. कंटाळवाणं काम आहे हे. पण कुठल्या भागात फॉलो-अप तुटतोय, कोणत्या वयोगटाला मदत पोहोचत नाही, हे यातूनच कळतं.

पैशाचा आणि कायद्याचा प्रश्नही इथेच येतो. बरा झालेला माणूस घरासाठी कर्ज मागायला जातो, तिथे कर्जासोबत विमा लागतो आणि विम्याच्या फॉर्मवर जुन्या आजाराचा रकाना असतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या गाठीमुळे आज दुप्पट हप्ता, नाहीतर सरळ नकार. यावर डॉक्टरकडे औषध नाही, उपाय कायद्यातच करावा लागतो. फ्रान्सने 2016 साली असा कायदा केला, की उपचार संपून ठरावीक वर्षं लोटली आणि आजार परतला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी तो सांगण्याचं बंधन नाही. सुरुवातीला प्रौढांसाठी ही मुदत दहा वर्षं होती, 2022 साली ती पाच वर्षांवर आणली. स्पेन आणि इटलीने 2023 साली अशाच धर्तीवर कायदे केले. मलन यांनी सांगितलेल्या तिसऱ्या टप्प्यातला एक अडथळा यामुळे निदान काही देशांत तरी कमी झाला.

ज्या देशांत मुळात उपचारच तोकडे आहेत तिथे हे सगळं चैनीचं वाटू शकतं. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली ठेवलेलं उद्दिष्ट असं, की 2030 पर्यंत जगभरात किमान 60 टक्के मुलं वाचली पाहिजेत. ते साधलं तर आज फारसा फॉलो-अप नसलेल्या ठिकाणी मोठ्या संख्येने अशी मुलं तरुण होतील, ज्यांच्या हृदयाची, कानांची, थायरॉइडची कोणीतरी नियमित तपासणी करायला हवी. श्रीमंत देशांना जुन्या फाइली शोधत मागे जावं लागलं. या देशांना पहिल्या मुलापासूनच उपचारांचा सारांश लिहून ठेवता येईल आणि त्या मुलाला दरवर्षी बोलावणाऱ्या माणसाचं पद उपचारांच्या अंदाजपत्रकातच धरता येईल.